सवय मोडली एवढंच कारण नाही

पन्नाशीच्या आसपास बायकांना थोडी दारूही पूर्वीपेक्षा जास्त का चढते, यावर 'प्यायची सवय मोडली की चढते, वयाचा काही संबंध नाही' असं म्हणतात, ते मला अर्धंच पटलं. आमच्या वहिनींचंच बघा, नाशिकच्याच, वाईन अधूनमधून नेमाने घेतात, खंड कधी पडला नाही, तरी पन्नाशी जवळ आल्यापासून एका ग्लासात कान लाल होतात आणि रात्री तीनला घामाने जाग येते, तीही डिसेंबरच्या आपल्या थंडीत गोधडी भिरकावून!

त्याचं असंय की अल्कोहोल शरीरातल्या पाण्यात मिसळतं, चरबीत फारसं नाही. बायकांच्या अंगात पाण्याचं प्रमाण मुळात पुरुषांपेक्षा कमी, त्यात वयाबरोबर स्नायू घटतात आणि पाणी अजून कमी होतं, मग माप तेवढंच घेतलं तरी रक्तातलं प्रमाण जास्त चढतं. हा झाला वयाचा भाग. हार्मोन्सचं म्हणाल तर पाळी जायच्या सुमारास इस्ट्रोजेन वरखाली होतं आणि मेंदूतला तापमान सांभाळणारा भाग जरा जास्तच हळवा होतो, त्यात दारूने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून काही जणींना घोटभर घेतली तरी अंगातून गरम वाफा, म्हणजे हॉट फ्लॅश, सुरू. शिवाय दारूने झोप पटकन लागते पण ती उतरायला लागली की मोडते, आणि हॉट फ्लॅशनेही मोडते, म्हणजे दुहेरी मार.

आणि ते 'वाईन काय, द्राक्षाचा रसच' हे आपल्या नाशकातलं लाडकं वाक्य, तर १२ टक्क्यांच्या १५० मिली वाईनमध्ये साधारण ४०-४५ मिली व्हिस्कीएवढंच अल्कोहोल असतं. झोपेच्या गोळ्या चालू असतील तर मात्र त्यावर घेऊच नका.