शब्दचर्चा : निर्देशांक वाढला, क्रमांक घसरला म्हणजे नक्की काय झालं?

तालुक्याच्या गावी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना चालू घडामोडी शिकवते. जागतिक अहवालांच्या बातम्या मुलांच्या वहीत कशा उतरतात ते रोज बघते, आणि काळजी वाटते. जागतिक भूक निर्देशांकावर चार ओळी लिहायला सांगितल्या होत्या. एकाने लिहिलं, "२०२४ मध्ये भारताचा निर्देशांक १०५". दुसऱ्याने "भारताला १०५ वे मानांकन मिळाले". तिसऱ्याने लिहिलं, "भारताचा सूचकांक २७.३ पर्यंत घसरला", आणि घसरला म्हणजे वाईटच झालं असं धरून पुढे कारणमीमांसाही केली. मुलं हुशार आहेत, पण बातम्यांमध्येच हे शब्द एकमेकांच्या जागी वापरलेले असतात तर त्यांनी काय करावं? निर्देशांक, सूचकांक, गुण, क्रमांक, क्रमवारी, मानांकन, यातला कुठला शब्द कशासाठी, हे जाणकारांनी सांगावं. आणि घसरला, वधारला, सुधारला ही क्रियापदं कशाला लावायची तेही.

प्रतिसाद १

ताई, फार गरजेचा विषय काढलात. मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर बरीच वर्षं काम केलंय, तिथे जे पाळायचो ते सांगतो.

निर्देशांक हे मापाचं नाव. भूक निर्देशांक, मानव विकास निर्देशांक, तसाच शेअर बाजाराचा आणि महागाईचाही. त्या मापावर एखाद्या देशाचा जो आकडा येतो ते गुण. गुणांनुसार देश ओळीत लावले की ती क्रमवारी आणि त्या ओळीतली जागा म्हणजे क्रमांक. म्हणजे भारताचा निर्देशांक १०५ नाही, गुण २७.३ आणि क्रमांक १२७ देशांत १०५ वा. मानांकन मात्र वेगळं, त्यात दर्जा ठरवून श्रेणी देतात, जसं एस अँड पी या पतमानांकन संस्थेने ऑगस्ट २०२५ मध्ये भारताचं पतमानांकन बीबीबी उणेवरून बीबीबी केलं. तिथे दहा देश एकाच श्रेणीत असू शकतात, पहिला-दुसरा असं काही नसतं. खेळाच्या पानावर अग्रमानांकित वगैरे येतं त्यामुळे मानांकन म्हणजे नंबर असा समज झालाय, पण अहवालांच्या बातमीत तो शब्द नको. सूचकांक हिंदी बातम्यांतून आलाय, चूक नाही, पण मराठीत निर्देशांक रुळलेला असताना एकाच उत्तरात दोन्ही कशाला. आणि निर्देशांक ज्या घटकांवरून काढतात त्यांना निर्देशक म्हणावं, एका अक्षराचा फरक आहे पण तो सांभाळायलाच हवा.

आता क्रियापदं. खरी गडबड तिथेच आहे कारण प्रत्येक मापाची दिशा वेगळी. भूक निर्देशांकात शून्य सर्वात चांगलं, म्हणजे गुण कमी झाले तर परिस्थिती सुधारली. मानव विकास निर्देशांकात एकाच्या जवळ जाणं चांगलं, २०२३ साठी भारताचे ०.६८५ होते आणि १९३ देशांत क्रमांक १३० वा. भ्रष्टाचाराच्या निर्देशांकात शंभर म्हणजे स्वच्छ, तिथे भारताचे गुण २०२३ मध्ये ३९ होते ते २०२४ मध्ये ३८ झाले. आता कोणी "भ्रष्टाचार निर्देशांक घटला" असं शीर्षक दिलं तर दहातले नऊ वाचक भ्रष्टाचार कमी झाला असंच वाचतील, आणि अर्थ नेमका उलटा! म्हणून गुणांना घटले-वाढले लावायचं आणि लगेच पुढे "म्हणजे स्थिती बिघडली" किंवा "सुधारली" असं सरळ लिहून टाकायचं.

क्रमांकाला वाढला-घटला कधीच नको. ९४ चा १०१ झाला तर आकडा वाढला पण जागा खाली गेली, वाचणारा गोंधळतो. "९४ व्या स्थानावरून १०१ व्या स्थानावर घसरण" हे ठीक, पण त्यातही एकूण देश किती ते हवंच. भूक निर्देशांकात २०२० साली भारत १०७ देशांत ९४ वा होता आणि २०२१ साली ११६ देशांत १०१ वा. यादीच नऊने लांबली, तर मग सात जागांच्या घसरणीतली आपली खरी घसरण किती?

आणि या यादीत सगळं जग नसतंच. अमेरिका, जर्मनी, जपान यांच्यासारखे श्रीमंत देश त्यात धरतच नाहीत, आणि ज्यांचे गुण पाचपेक्षा कमी त्या सगळ्यांना मिळून एकत्रच वरची जागा देतात. त्यामुळे "जगात १०५ वा" असं न लिहिता "यादीतल्या १२७ देशांत" असं लिहावं.

प्रतिसाद २

वरचं सगळं पटलं, त्यात एक भर. मुलं २०२३ चे गुण २८.७ आणि २०२४ चे २७.३ शेजारी ठेवून "सुधारणा झाली" असं लिहितात, तेही नको. अहवाल काढणारेच सांगतात की दोन वेगळ्या वर्षांच्या अहवालांतले गुण एकमेकांशी ताडून बघू नका, कारण मागची आकडेवारी दुरुस्त होत राहते. तुलनेसाठी ते त्याच अहवालात जुनी वर्षं नव्याने मोजून देतात. २०२४ च्या अहवालाप्रमाणे भारताचे गुण २००० साली ३८.४, २००८ साली ३५.२, २०१६ साली २९.३ आणि २०२४ साली २७.३. यातून जे कळतं (आधी बरी घट झाली, मग वेग मंदावला) ते क्रमांकावरून कधीच कळणार नाही. मला तर वाटतं मुलांना हे चार आकडे पाठ करायला द्या, १०५ विसरले तरी चालेल.

प्रतिसाद ३

मी अंगणवाडीची पर्यवेक्षिका आहे, आदिवासी भागातलं बीट (काही अंगणवाड्यांचा गट) बघते. तुमची चर्चा वाचली आणि मला "भूक" याच शब्दावर बोलायचंय.

या निर्देशांकाचे चार निर्देशक आहेत आणि त्यातले तीन लहान मुलांचे. लोकसंख्येतले किती टक्के लोक पुरेसं अन्न न मिळणारे, पाच वर्षांखालची किती मुलं वयाच्या मानाने बुटकी, किती मुलं उंचीच्या मानाने बारीक आणि किती मुलं पाच वर्षांची व्हायच्या आत दगावतात. म्हणजे आपण ज्याला भूक म्हणतो, पोटात कावळे ओरडतात ती, यात थेट कुठेच मोजलेली नाही. भूकबळी किंवा उपासमार हे शब्द तर इथे अजिबात वापरू नयेत, त्या वेगळ्या गोष्टी आहेत. याला पोषणाचा निर्देशांक म्हटलं असतं तर अर्धे वाद झालेच नसते असं मला मनापासून वाटतं.

आता आमच्या कामातले शब्द सांगते. मीटिंगमध्ये खुजेपणा, कृशता असं कोणी बोलत नाही, "सॅमची किती, मॅमची किती" असं विचारतात. सॅम म्हणजे तीव्र कुपोषित, मॅम म्हणजे मध्यम. दंडघेर मोजायची पट्टी असते, डाव्या दंडाच्या बरोबर मधोमध लावायची, खांदा आणि कोपर यांच्या मध्ये, हात सैल सोडलेला पाहिजे, मूल रडून हात ताणत असेल तर थांबायचं. पट्टी कातडीला टेकली पाहिजे पण रुतली नाही पाहिजे. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आलं की लाल, साडेबारापर्यंत पिवळं, त्याच्या वर हिरवं. लाल आलं की त्या मुलाला ग्राम बाल विकास केंद्रात घ्यायची धावपळ सुरू. हे बारीक मूल आईलाही दिसतं, "वाळलंय" म्हणते ती.

पण बुटकं मूल दिसत नाही हो. तीन वर्षांचं मूल दोन वर्षांच्या मापाचं असतं, हसतं खेळतं, आणि आई म्हणते बापावर गेलाय. पट्टी पण हिरवी दाखवते. उंची मोजून तक्त्यात बसवली की मग कळतं. एवढी वर्षं त्याला आणि त्याच्या आईला पोटात असल्यापासून पुरेसं मिळालेलं नाही, ते हाडात उतरलेलं असतं. म्हणून मी खुजं, बुटकं हे शब्द टाळते, गावात ते चिडवायचे शब्द आहेत, मी "वाढ खुंटलेली" म्हणते. आणि २०१९-२१ च्या पाहणीत देशाचा आकडा ३५.५ टक्के होता, तिनातलं एकाहून जास्त मूल. क्रमांक काहीही येऊ दे, या आकड्यावर कोणी वाद घालत नाही, आणि बातमीत तो आकडा शेवटच्या परिच्छेदात असतो याचं मला फार वाईट वाटतं.

वाद होतो तो बारीक मुलांच्या आकड्यावर. निर्देशांकात १८.७ टक्के धरले, सरकारने २०२३ साली म्हटलं की पोषण ट्रॅकरवर (अंगणवाडीच्या नोंदींचं सरकारी ॲप) हे प्रमाण ७.२ टक्क्यांच्या आतच असतं. शब्दांत सांगायचं तर एक "पाहणी" आहे आणि दुसरी "नोंद". पाहणीत घरं निवडून सगळ्या थरातली मुलं मोजतात, नोंदीत आमच्याकडे नाव घातलेली. हे दोन शब्द वेगळे ठेवले तर निदान भांडण कशावरून आहे ते तरी समजेल.

प्रतिसाद ४

अंगणवाडीच्या ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. उद्या वर्गात वाचून दाखवणार आहे.

आता माझा पुढचा प्रश्न. भ्रष्टाचाराच्या निर्देशांकाला काही ठिकाणी "भ्रष्टाचार धारणा निर्देशांक" लिहितात, त्यातली धारणा गाळली तर चालते का? आणि वर्ल्ड हॅपिनेस रिपोर्टला आनंद म्हणावं, सुख म्हणावं की समाधान?

प्रतिसाद ५

धारणा अजिबात गाळू नका. लाच किती दिली-घेतली हे कोणी मोजलेलं नाही, सरकारी कारभारातल्या भ्रष्टाचाराबद्दल तज्ज्ञ आणि उद्योगातले लोक काय समजतात ते एकत्र केलंय. रस्त्यावरच्या माणसाला विचारलेलंही नाही. ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनल १९९५ पासून हे काढतंय आणि नावातच धारणा आहे, ती आपण मराठीत आणताना का टाकायची?

प्रतिसाद ६

मी फिनलंडमध्ये एस्पोला राहतो, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. दर मार्चमध्ये भारतातून मेसेज येतात, "तुम्ही परत पहिले, जगातले सर्वात आनंदी!" २०१८ पासून २०२५ पर्यंत सलग आठ वर्षं हेच. इथे आल्यावर पहिल्या नोव्हेंबरात, दुपारी साडेतीनला अंधार पडतो तेव्हा, बसस्टॉपवर आनंदी चेहरे शोधू नयेत, सापडणार नाहीत. पण प्रश्न काय विचारतात ते बघा. एक शिडी डोळ्यांसमोर आणा, खाली शून्य, वर दहा. दहा म्हणजे तुमच्या दृष्टीने शक्य तितकं चांगलं आयुष्य, शून्य म्हणजे शक्य तितकं वाईट. आज तुम्ही कुठल्या पायरीवर? बस. यात आज हसलात का असं काही नाही. एका देशात वर्षाला साधारण हजार लोकांना विचारतात आणि तीन वर्षांची सरासरी काढतात. म्हणून "समाधान" हाच शब्द बरोबर, आनंद नाही आणि सुखही नाही. दवाखान्याची चिंता नाही, मुलांच्या शाळेची चिंता नाही, नोकरी गेली तरी रस्त्यावर येणार नाही, हे माहीत असलेला माणूस सातवी-आठवी पायरी सांगतो, चेहरा गंभीर ठेवून सांगतो. भारताचा क्रमांक २०२५ ला १४७ देशांत ११८ होता. त्यावर "आपण दुःखी आहोत का" अशी चर्चा करण्यापेक्षा लोक स्वतःला चौथ्या पायरीवर का बघतात ते विचारायला पाहिजे.

प्रतिसाद ७

अर्थशास्त्र शिकवतो. "विषमता" या शब्दाकडे पण लक्ष द्या, कारण जुलै २०२५ मध्ये "भारत जगातला चौथा सर्वाधिक समानता असलेला देश" अशी बातमी सगळीकडे फिरली आणि माझ्या विद्यार्थ्यांनी ती तशीच उतरवून घेतली. जागतिक बँकेच्या आकड्यांत भारताचा गिनी गुणांक (विषमतेचं माप) २०२२-२३ साठी २५.५ आहे हे खरं, आणि तो कमी असणं म्हणजे समानता जास्त हेही खरं, पण हा गुणांक कशाचा? खर्चाचा. घरात महिन्याला किती खर्च झाला याच्या पाहणीवरून काढलेला. अमेरिकेसारख्या देशांचा उत्पन्नावरून काढलेला असतो. आता गरीब माणूस मिळवतो ते जवळपास सगळं खर्च करतो, कधी उधारी करून त्याहून जास्त, आणि श्रीमंत माणूस मिळवतो त्यातलं बरंचसं बाजूला टाकतो, शेअर घेतो, जमीन घेतो, ते या खर्चात दिसत नाही, म्हणून खर्चातली विषमता सहसा उत्पन्नातल्या विषमतेपेक्षा कमीच दिसणार आणि संपत्तीतली तर दोन्हींपेक्षा कितीतरी जास्त. तेव्हा नुसतं विषमता असं लिहूच नये, उपभोग विषमता, उत्पन्न विषमता, संपत्ती विषमता असं पूर्ण लिहावं आणि दोन वेगळ्या विषमतांची एक क्रमवारी लावू नये.

प्रतिसाद ८

मुंबईत आर्किटेक्ट आहे. "देश" या शब्दाबद्दल एक. जागतिक बँकेच्या व्यवसाय सुलभतेच्या यादीत भारत १४२ वरून ६३ वर आला तेव्हा मोजलं होतं फक्त मुंबई आणि दिल्ली. बांधकाम परवानगीत तर १८१ वरून ५२ आणि मग २७ वा क्रमांक, आणि मोजणी एका ठराविक प्रकारच्या गोदामाच्या परवानगीची. मुंबईत ऑनलाइन परवानग्यांमुळे खरंच फरक पडला, पण नांदेडच्या किंवा सावंतवाडीच्या बिल्डरला "देशात" परवानगी सोपी झाली हे वाचून काय वाटलं असेल? पुढे काही देशांच्या आकड्यांत फेरफार झाल्याचं उघड झालं आणि जागतिक बँकेने २०२१ मध्ये तो अहवालच बंद केला. तेव्हा "मुंबई-दिल्लीच्या पाहणीवरून भारताचा क्रमांक" असं लिहिणं लांबलचक वाटलं तरी तेच खरं होतं.

प्रतिसाद ९

वर "टक्के" येऊन गेलं म्हणून दर, प्रमाण आणि टक्का यांचं पण सांगून ठेवतो, परीक्षेत हमखास चुकतं.

अर्भक मृत्यू दर एक वर्षाच्या आतल्या बाळांचा, बालमृत्यू दर पाच वर्षांच्या आतल्यांचा, नवजात म्हणजे पहिले २८ दिवस. तिन्ही हजार जिवंत जन्मांमागे. २०२० च्या नमुना नोंदणीत अर्भक मृत्यू दर भारताचा २८, महाराष्ट्राचा १६, केरळचा ६. मुलं "२८ टक्के" लिहितात, ते भयंकर होईल! "दर हजारी २८" हा आपला जुना नेमका प्रयोग आहे, तोच वापरा. माता मृत्यूचा आकडा दर लाखी असतो आणि तोही लाख जिवंत जन्मांमागे, लाख बायकांमागे नाही. २०१८-२० मध्ये भारताचा ९७, महाराष्ट्राचा ३३. याला काटेकोरपणे "माता मृत्यू प्रमाण" म्हणतात, "माता मृत्यू दर" हा १५ ते ४९ वयाच्या लाख स्त्रियांमागचा वेगळा आकडा आहे, पेपरात मात्र दोन्हीला दरच छापतात.

आणि वाढ खुंटलेली मुलं ३८.४ टक्क्यांवरून ३५.५ टक्क्यांवर आली (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी चौथी आणि पाचवी), तर "२.९ टक्क्यांनी घट" लिहू नका. ती २.९ टक्केबिंदूंची घट, टक्क्यांत काढली तर साडेसात टक्क्यांच्या आसपास. टक्केबिंदू शब्द जड वाटत असेल तर "शंभरात ३८ होती ती ३५ वर आली" असं लिहा, अंगणवाडीच्या ताईंनाही आणि परीक्षकालाही कळेल.