खिडकीपाशी बसलेला माणूस फिल्मवर काळा पडतोय

वडगावचा हौशी
नमस्कार मंडळी. मामांचा पेंटॅक्स के१००० हा फिल्मचा कॅमेरा दोन वर्षांपासून माझ्याकडे आहे, ५० एमएम एफ/२ लेन्ससकट. रविवारी सकाळी बेळगावातल्या वडगाव-खासबागच्या गल्ल्यांतून फिरतो आणि फक्त माणसं टिपतो. राजहंसगडावरच्या सूर्यास्तात माझा जीव रमत नाही.

गेल्या महिन्यात गल्लीतल्या एका आजोबांचे फोटो काढले. पहाटेपासून पावरलूमवर असतात. खडखडाटात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून खुणेनंच विचारलं. त्यांनी माग बंद केला, टोपी सारखी केली आणि धोटा (आडवा धागा नेणारी नळी) हातात घेऊन खिडकीला पाठ करून बसले. एचपी५ ही कृष्णधवल फिल्म, आयएसओ ४०० वर, उजेड मोजणाऱ्या मीटरची सुई मधोमध आणून ११ फ्रेम काढल्या. रोल कुरिअरनं बाहेरगावी धुवायला पाठवला, तो तीन आठवड्यांनी लांबलचक ओरखडा घेऊन आला (ते रडगाणं वेगळं). खरं दुखणं हे की खिडकी लख्ख आणि तोंड कोळसा. सुई तर बरोबर होती की! पुढच्या वेळी १६०० ला पुश करू काय, म्हणजे फिल्म १६०० ची धरून काढू आणि जास्त वेळ धुऊ?

आणि आजोबा रोज विचारतात, "अजून धुऊलासच काय रे?" त्यांना काय दाखवू?

काळी खोली
पुश करू नका. सावलीतलं जे फिल्मवर उमटलंच नाही, ते जास्त वेळ धुऊन उगवत नाही. उलट खिडकी आणखी पांढरी होते.

के१००० चा मीटर अख्ख्या फ्रेमची सरासरी काढून ती मध्यम करडी धरतो. मागं खिडकी असली की त्याला उजेड भरपूर वाटतो, आणि मार बसतो तोंडाला. कॅमेरा घेऊन जवळ जा, फ्रेमभर चेहरा आला की सुई मधोमध आणा आणि तेच आकडे ठेवून मागं या. समोरचा बुजत असेल तर आपला तळहात त्याच्या चेहऱ्यावरच्या उजेडात धरून मोजा आणि एक स्टॉप उघडा, म्हणजे उजेड दुप्पट घ्या, कारण तळहात करड्यापेक्षा साधारण तेवढा उजळ असतो. खिडकी जळाली तर जळू दे. एचपी५ दोन स्टॉप जास्तीचा उजेड आरामात पचवते, उपाशी ठेवलेलं मात्र तिला सोसत नाही.

रोल घरीच धुवा. डी-७६ डेव्हलपर (फिल्म धुवायचं रसायन) एकास एक पाणी घालून, २० अंशाला ११ मिनिटं. एप्रिलात टाकीचं पाणी २० अंशाला कुठलं मिळायला! मी बादलीत बर्फ टाकून बाटल्या त्यात बुडवून ठेवतो. आणि हो, या कॅमेऱ्याच्या मीटरला बंद करायचं बटण नाही. लेन्सला झाकण लावलं नाही तर सेल उतरतो.

जुना रिटचर
मीटरचं सगळं खरं, पण आजोबांना फिरवून बसवायचं की! खिडकी बाजूला घेतली असती तर अर्धं तोंड उजेडात आलं असतं.

मी सोळा वर्षं खडे बाजारात एका स्टुडिओत होतो. निगेटिव्हवर सुरकुती काचेसारखी स्वच्छ रेघ दिसते. टोकदार पेन्सिलीनं ती भरली की कॉपीत सुरकुती गायब. एकदा नंदगडकडच्या एका आजीचं तोंड असं गुळगुळीत करून दिलं. चार दिवसांनी आजी कॉपी घेऊन परत. "ही मी न्हवं, माझी भैण हाय." पैसे परत मागितले नाहीत, फोटो मात्र दुसरा काढायला लावला. तेव्हापासून डोळ्यांजवळच्या रेघांना मी पेन्सिल लावली नाही.

तुमच्या अकरांतली त्यातल्या त्यात बरी एक कॉपी काढून आजोबांना देऊन या. खराब आली म्हणून लपवू नका.

वडगावचा हौशी
काल पाच बाय सातची कॉपी नेऊन दिली. आजोबांनी चष्मा लावून दारात उजेडाला धरली. तोंडाबद्दल अक्षर नाही. मागावर बोट ठेवून म्हणाले, "ताण्याचे दोन धागे तुटलेत बघ हितं. त्या दिवशी दिसलं नव्हतं." खिडकीच्या उजेडात ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, खरोखरच धागा-धागा सुटा आलाय, मी तिकडं बघितलंच नव्हतं.

मग आपणच स्टूल ओढून म्हणाले, "आता कुणीकडं तोंड करू?" खिडकी डाव्या हाताला घेतली, तळहातावर मोजलं, सहा फ्रेम काढल्या. रोलमध्ये अजून १४ शिल्लक आहेत. डी-७६ मागवलंय, बादली आईकडून मागून घेतली.