अनुभव सांगा: एर्झबर्गची मोटरसायकल शर्यत

ऑस्ट्रियातल्या स्टायरिया प्रांतात आयझेनएर्झ नावाचं जुनं खाणीचं गाव आहे. शेजारी एर्झबर्ग: शतकानुशतकं लोखंड काढून पायऱ्यापायऱ्यांचा झालेला डोंगर. १९९५पासून तिथे एर्झबर्ग रोडिओ भरते. आधी प्रोलॉग, म्हणजे पात्रता फेरी. डंपरच्या रस्त्याने पायथ्यापासून वर एकेक जण सुटतो, वेळ मोजतात. त्यातले वेगवान ५०० रविवारच्या हेअर स्क्रॅम्बलला, म्हणजे मुख्य शर्यतीला. मुदत चार तास.

मी प्रोलॉगला एका वळणावर उभी होते. गाडी आधी ऐकू येते, मग धुरळा दिसतो, मग गाडी. एवढी मोक्याची जागा रिकामी कशी, याचं नवल वाटत होतं. पहिलाच स्वार वळला आणि अंगावर खड्यांचा सडा पडला. दुपारपर्यंत दातांखाली कचकच.

कोणी गेलं असेल तर लिहा.

म्युनिकहून
आम्ही मुख्य शर्यतीच्या 'कार्ल्स डिनर' नावाच्या टप्प्यापाशी थांबलो होतो. नाव जेवणाचं, प्रत्यक्षात नुसते धोंडे. काही तर फ्रिजएवढे. समोर एकाचं मागचं चाक दोन दगडांत रुतलं. ओढ, ढकल, इंजिन गरम, थांब, पुन्हा ओढ. हातमोज्याचं एक बोट फाटून लोंबत होतं. वेळ संपल्याचं कळल्यावर त्याने गाडी तिथेच टेकवली, हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं आणि बराच वेळ त्यात बघत बसला. माझा मुलगा घरी येईपर्यंत गप्प होता. (मी कॅनव्हासचे बूट घालून गेलो होतो. तो शहाणपणा कोणी करू नये.)

चाकणहून
प्रत्यक्ष गेलो नाही, पण २०१५ विसरणं शक्य नाही. 'डाउनटाउन' नावाच्या चढावर आघाडीचे चौघे अडकले. बाहेरच्यांनी हात लावायचा नाही, असा तो टप्पा. शेवटी चौघांनी एकमेकांच्या गाड्या वर ओढल्या आणि जार्विस, वॉकर, गोमेझ, लेटनबिख्लर असे चारही जण विजेते ठरले. तसा माझा माणूस पोलंडचा ब्लाझुसिआक, २००७ ते २०११ सलग पाच वेळा जिंकला, तोही केटीएमच्या गाडीवर. इकडे चाकणला केटीएमच्या ड्यूक गाड्या बनतात म्हणून थोडी कॉलर ताठ. ती गाडी निराळी, हे मान्य.

डिचोलीहून
मला शर्यत नाही, डोंगर बघायला मिळाला. 'हाउली' म्हणून जुन्या डंपरवर बाकं बसवलीत, त्यातून पर्यटकांना खाण दाखवतात. तांबूस पायऱ्या बघून घरच आठवलं. आमच्याकडे गोव्यात २०१२ला खाणी थांबल्या तेव्हा शेजाऱ्याचा ट्रक दारात वर्षानुवर्षं उभा होता, चाकांत गवत. तिथे खाण चालू आहे आणि वर हा उत्सवही. हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

नाशिकहून
सहा वर्षांची मुलगी आहे. न्यावं का?

म्युनिकहून
न्या की. कानांवर मफ्स घाला, आणि रिकामी जागा दिसली तर तिथे उभं राहू नका.