फियाट ११०० डी: सिल आणि मागच्या कमानी नव्यानं घडवायच्या आहेत. पत्रा किती गेजचा, जोड कसा?

धरमपेठ_११००
नमस्कार मंडळी. गाडी १९६८ ची फियाट ११०० डी, नागपुरातच आहे. दारांखालचे दोन्ही सिल कुजलेत, ड्रायव्हरच्या बाजूला तर पेचकस आरपार जातो. मागच्या दोन्ही चाकांच्या कमानींची कडही गेली आहे. तयार पॅनल जे मिळतात ते पातळ, आणि आकारात बसत नाहीत. डेंटर म्हणतो, जुन्यावरच नवा पत्रा चढवू, गॅसनं जोडू आणि वरून लांबी (खड्डे भरायची पुट्टी) मारू. मला ते पटून नाही राहिलं. पत्रा कोणता घ्यावा, जोड कसा करावा, आणि आधी काय कापावं? शिवाय रुंद टायर बसावेत म्हणून कमानी इंचभर बाहेर काढायचा विचार आहे. ते जमेल का?

पत्रा_आणि_ऐरण
डेंटरला आधी थांबवा. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार घेते आणि सिल हा त्यातला मुख्य कणा. आधार न देता सिल कापला तर गाडी मधून बसते. नवा सिल त्याच वाकलेल्या स्थितीत जोडला जातो आणि मग दारं जन्मभर लागत नाहीत.

गाडी सपाट फरशीवर घ्या. घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड) चाकांच्या जवळ, सस्पेन्शनच्या जागी लावा, म्हणजे वजन नेहमीसारखंच पडेल. दारं काढू नका, उलट नीट बंद होतात का ते पाहा आणि फटी मोजून पांढऱ्या खडूनं जागेवरच लिहून ठेवा. मग २५ मिमी चौकोनी पाइप (२ मिमी जाडीचा) पुढच्या खांबापासून मधल्या खांबाला आणि तिथून मागच्या खांबाला जोडा. एक आडवा आणि एक तिरपा, असे दोन्ही हवेत. डाव्या-उजव्या मधल्या खांबांमध्येही एक पाइप टाका. पाइप खांबाच्या आतल्या अंगाला लावायचा, म्हणजे दार मध्ये-मध्ये बंद करून पाहता येतं. दारांच्या चौकटीचे कर्ण मोजून ठेवा. काम चालू असताना त्यात २ मिमीपेक्षा जास्त फरक दिसला तर वेल्डिंग थांबवायचं. आणि एका वेळी एकच बाजू. दोन्ही सिल एकदम उघडायचे नाहीत.

पत्रा सीआरसीए (थंड लाटून मऊ केलेला) घ्या, डीडी किंवा ईडीडी ग्रेडचा, म्हणजे न फाटता खोल आकार घेणारा. सिलला १८ गेज (१.२ मिमी), बाहेरच्या कातडीला आणि कमानीला २० गेज (०.९ मिमी). तरी जुन्या पत्र्याचा न गंजलेला तुकडा रंग काढून मायक्रोमीटरनं मोजा आणि त्याच्याशी जुळवा. जीआय (जस्ताचा लेप दिलेला) पत्रा नको. वेल्डिंगमध्ये जस्त जळतं, धूर छातीला वाईट आणि जोडात छिद्रं पडतात. ८ बाय ४ फुटांची १८ गेजची शीट साधारण २८ किलो भरते, २० गेजची २१ किलो. लोहा ओळीत (लोखंडाच्या बाजारात) घेताना वजन करून घ्या. हलकी भरली तर पत्रा सांगितल्यापेक्षा पातळ आहे असं समजा.

सिलचा आकार एकाच जागी घेऊ नका. पुढे, मध्ये, मागे अशा तीन ठिकाणी पुठ्ठ्याचे साचे काढा. कुजलेली बाजू फुगलेली असते, म्हणून बऱ्या बाजूचे साचे उलटवून वापरा. सरळ घड्या बेंडिंग मशीनवर मारून घ्या. १.२ मिमी पत्र्याला बाहेरच्या मापातून दर काटकोनी घडीला साधारण २ मिमी वजा करायचे, नाहीतर तीन घड्यांत सिल ६ मिमी मोठा होतो आणि बसत नाही. गोलाई मशीनवर नीट येत नाही. ती दोन इंची पाइप शिकंज्यात धरून हातानं दाबत काढा.

कानस_हातोडी
वरचं सगळं बरोबर. मी कमानीचं सांगतो, खरी अडचण तिथंच येते.

कमानीची कड आत वळवताना पत्रा ताणला जातो. साध्या सरळ घडीत तसं होत नाही. म्हणूनच कड फाटते. तीन गोष्टी सांभाळा: कापलेली कड कानशीनं गुळगुळीत करा (कात्रीचा एक दात राहिला तरी तिथूनच चीर जाते), कड १२ मिमीपेक्षा रुंद ठेवू नका, आणि एका फेरीत १५-२० अंशच वळवा. १८ मिमी प्लायवूडच्या दोन फळ्या कमानीच्या आकारात कापा, पत्रा मध्ये घट्ट आवळा आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलक्या हातानं ठोकत जा. एकाच जागी ठोकत बसलात की तिथंच पत्रा पातळ होतो.

गॅसबद्दल एवढं मात्र म्हणेन: गॅस वेल्डिंग वाईट नाही. त्याचा जोड मऊ राहतो, हातोडी-डॉलीनं (डॉली म्हणजे पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) सपाट होतो. मिगचा (तार आपोआप पुढे सरकणारं विजेचं वेल्डिंग) जोड कडक असतो, ठोकला तर बाजूला तडकतो. पण गॅसची उष्णता दूरवर पसरते आणि मोठ्या पॅनलला झोल येतो. हात बसलेला कारागीर असेल तर कमानीवर गॅस, नसेल तर मिग. सिलवर मिगच.

आणि जुन्यावर नवा पत्रा चढवणं कुठंच नको. दोन पत्र्यांमध्ये पाणी मुरतं आणि दोन्ही आतून कुजतात. बाहेरच्या कातडीवर कड-ते-कड जोड, मध्ये ०.५ ते १ मिमी फट. लांबी २ मिमीपेक्षा जाड नको. आपल्याकडे मे महिन्यात पत्रा तापतो तेव्हा जाड थराची कड रंगातून दिसायला लागते.

धरमपेठ_११००
आभार. मिग वेल्डर मिळाला आहे, पण त्याच्याकडे नुसता सीओटू आहे. चालेल?

पत्रा_आणि_ऐरण
सिलला चालेल. कातडीला आर्गॉन-सीओटू मिश्रण (८०:२०) मागवा. नुसता सीओटू पातळ पत्रा लवकर भोसकतो आणि थेंबही फार उडतात. तार ०.८ मिमी, ०.६ मिळाली तर उत्तम. कातडीवर ओळ ओढायची नाही. २५ मिमी अंतरानं टाके (वेल्डचे सुटे ठिपके) मारा, मग टाक्यांच्या मधोमध टाका, हात लावता येईल इतकं निवू द्या, पुन्हा मध्ये.

सिलच्या कडेच्या, एकमेकींवर बसणाऱ्या पट्ट्यांना ८ मिमी भोकं पाडून प्लग वेल्ड करा (वरच्या पट्टीच्या भोकातून खालची जोडायची), दर ३०-४० मिमीवर. पट्टी १५ मिमी ठेवा. चिकटणाऱ्या दोन्ही बाजूंना जस्ताचा वेल्ड-थ्रू प्रायमर (वेल्डिंगआधी लावायचा गंजरोधक थर) मारा, फक्त भोकापुरता खरवडा.

नागपूरकरांसाठी महत्त्वाचं: वेल्डिंग चालू असताना कूलर बंद. त्याच्या झोतानं गॅस उडून जातो आणि टाक्यात छिद्रं पडतात. उघड्या पत्र्यावर ओलसर हवा लागली तर दुसऱ्या दिवशी गंजाचा पिवळा थर दिसतो. काम पहाटे करा, संध्याकाळी उघड्या पत्र्याला प्रायमर लावूनच शटर ओढा. कमानीजवळ टाका मारण्याआधी पेट्रोलची टाकी उतरवा आणि बॅटरीची वायर काढा. वेल्डरनं "काही होत नाही" म्हटलं तरी.

जुनी_गाडी_कागदपत्र
कमानी बाहेर काढण्याआधी एक पाहा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. पण ती मूळ रूपात हवी, चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल नको. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, नव्या नोंदणीला "व्हीए" मालिका मिळते. नोंदणी १० वर्षांची, पहिली फी २०,००० रुपये. अशी गाडी रोजच्या वापराला मात्र चालवता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ तर कोणत्याही गाडीला मूळ रचनेत असा बदल करू देत नाही. कुजलेला पत्रा त्याच आकारात बदलणं ही दुरुस्ती, इंचभर रुंद कमान हा फेरफार. रंग बदलणार असाल तर आरसीवर नोंद करून घ्या. कापण्याआधी, कापल्यावर आणि जोडल्यावर मोजपट्टीसकट फोटो काढून ठेवा. तपासणीच्या वेळी आकार मूळचाच आहे हे दाखवायला तेच उपयोगी पडतात.

कानस_हातोडी
पूर्ण सहमत. मूळ मापाचीच कमान करा, या गाडीला तीच शोभते.

राहिलेलं एक: सिलच्या तळाची पाणी जायची भोकं वेल्डिंग, सीलर, रंग या तिन्हींत बुजतात. प्रत्येक टप्प्यानंतर तार घालून मोकळी करा. आतून कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं गंजरोधक मेण) रंगानंतरच, लांब नळीनं, दोन फेऱ्या. जळकं काळं ऑइल आत ओतायची सवय आहे आपल्याकडे, ती नको. रबर फुगतं, धूळ धरते, आणि पुढे कधी टाका मारायचा झाला तर तिथं वेल्ड धरत नाही.