मदत हवी आहे: शब्द खोडून कविता करताना प्रत्ययांचं काय करायचं?

नमस्कार. तासगाव तालुक्यातल्या शाळेत सातवीला मराठी शिकवते. छापील मजकुरातले नको ते शब्द काळे करायचे, उरलेल्यांची कविता, असा उपक्रम घेतेय. हळदीच्या सौद्याच्या बातम्या आणि कृष्णेच्या २०१९च्या महापुराची कात्रणं दिली. पुराच्या कात्रणांत मुलं अगदी रमली.

पण शब्द सापडतात आणि जुळत नाहीत. 'नदीने' हवं असतं, पानावर असतं 'नदीच्या'. प्रत्यय खोडू दिला तर 'नदी' नीट उरते, पण 'घराला'चं 'घरा' होऊन बसतं. मग मुलं वरून अक्षरं लिहितात. ते मला नकोय, कारण सगळी गंमत पानात आहे तेवढ्यातच शोधण्यात आहे. शब्दांचा क्रमही बदलायचा नाही. आधी पेन्सिलने चौकटी, मग स्केचपेन, हे करून पाहिलं. चुका कमी झाल्या, हा पेच तसाच. इंग्रजी नमुन्यांचा इथे उपयोग नाही, तिकडे आपल्या प्रत्ययांचं काम करणारे बरेचसे शब्द सुटे असतात.

प्रोजेक्टर नाही, झेरॉक्स एका पानाचीच परवडते.

कुणी हे मराठीतून घेतलंय का? प्रत्यय खोडायची मुभा दिली होती का? आणि सुटे, पूर्ण शब्द जास्त मिळतील असा कोणता मजकूर निवडावा: संवाद, पाककृती, की आणखी काही?