मदत हवी आहे: 'ही सेड दॅट' नंतर 'आय' की 'ही'? आणि चालू गोष्टीला 'वॉज' कशाला?

नमस्कार मंडळी,

इंग्रजी वाचताना माझं फारसं अडत नाही, पण लिहिताना मध्ये 'दॅट' आलं की हात थबकतो. गेल्या आठवड्यात त्यापायी चांगलाच घोळ झाला. मीटिंगचं टिपण लिहायचं काम माझ्याकडे होतं. सर मीटिंगमध्ये म्हणाले होते, "रिपोर्ट मी गुरुवारपर्यंत पाठवतो." मी लिहिलं: 'सर सेड दॅट आय विल सेंड द रिपोर्ट बाय थर्सडे.' गुरुवारी दुपारी दोघांनी येऊन मलाच विचारलं, रिपोर्ट कुठाय? सरांनाही टिपण वाचून वाटलं होतं की मीच अंगावर घेतलंय. ते वाक्य मी चारदा वाचलं तरी मला चूक दिसेना, कारण डोक्यात ते मराठीतच वाजत होतं: सर म्हणाले की मी पाठवतो.

दुसरी अडचण काळाची. एक मैत्रीण माझ्या मागच्या खुर्चीवर येऊन बसली होती, मला पत्ताच नाही. वळून म्हणाले, 'आय डिडन्ट नो यू आर हिअर.' ती म्हणाली, 'आर' नाही, 'वेअर' म्हण. अहो, ती समोर बसलेली दिसतेय! 'वेअर' म्हटलं तर ती उठून गेली असं नाही का होत?

शाळेत 'इज'चं 'वॉज', 'विल'चं 'वुड' असा तक्ता पाठ केला होता. मार्कही मिळाले होते. पण तिथे अवतरणातलं वाक्य समोर दिलेलं असायचं. मनातलं लिहिताना तो तक्ता कुठे लावायचा तेच कळत नाही. तक्ता नको, कारण सांगा.

अर्धविराम: सोपा उपाय. 'दॅट' काढा, स्वल्पविराम द्या, अवतरणचिन्हं टाका. सरांचा 'आय' सरांकडेच राहील.

धागाकर्ती: अख्ख्या टिपणात अवतरणं टाकली तर नाटकाची संहिता वाटेल हो.

पाटीपेन्सिल: तुमच्या मराठीत काहीच चूक नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे. मराठीत 'की' आलं की आपण क्षणभर दुसऱ्याचा आवाज काढतो. 'सर म्हणाले की' इथवर तुम्ही बोलता, पुढचं 'मी पाठवतो' सर बोलतात. 'मी पाठवतो असं म्हणाले' यातही तेच. इंग्रजीत 'दॅट' आल्यावर बोलणारा बदलत नाही. वाक्य संपेपर्यंत तुम्हीच बोलत असता, म्हणून त्यातला 'आय' म्हणजे तुम्ही. सर तुमच्या दृष्टीने 'ही', म्हणून 'सर सेड दॅट ही वुड सेंड द रिपोर्ट'.

मराठीतही असं एक वाक्य आपण सहज बोलतो: 'आपण येणार नाही असं तिने कळवलं.' इथे 'मी' नाही, 'आपण' आहे, आणि ते तिच्याकडेच बोट दाखवतं. या 'आपण'च्या जागी इंग्रजीत 'शी' बसते. अडलं की आधी मनात 'आपण'चं वाक्य करून बघा.

मात्र इंग्रजीची सोय इथे तोकडी पडते हेही सांगतो. 'द मदर टोल्ड हर डॉटर दॅट शी हॅड टु रेस्ट.' विश्रांती कोणी घ्यायची, आईने की मुलीने? मराठीत 'मला' किंवा 'तुला' म्हटलं की विषय मिटला. इंग्रजीत वाक्य मोडून 'आस्क्ड हर डॉटर टु रेस्ट' असं काहीतरी करावं लागतं. या बाबतीत मला मराठीच जास्त नेमकी वाटते.

आता काळ. 'वेअर'मुळे मैत्रीण उठून जात नाही. तो 'वेअर' ती आत्ता कुठे आहे ते सांगतच नाही, तो 'डिडन्ट नो'ला चिकटलेला आहे. तुमचं माहीत नसणं भूतकाळात गेलं, आणि त्याने पुढच्या क्रियापदालाही आपल्याबरोबर मागे ओढलं. मराठीत असं ओढणं नाही. 'तू इथे आहेस हे मला माहीत नव्हतं' यात 'आहेस' त्या वेळचा वर्तमान सांगतो. आपण मनाने त्या क्षणी जाऊन बोलतो, इंग्रजी आजच्या जागेवरून मागे बघत बोलते.

म्हणून 'की'नंतरचं मराठी क्रियापद ऐका, तेच वाट दाखवतं. 'म्हणाला की मी आजारी आहे' याचं 'ही वॉज इल'. 'म्हणाला की मी आजारी होतो' याचं 'ही हॅड बीन इल'. 'म्हणाला की मी येईन' याचं 'ही वुड कम'. प्रत्येक जण एक पायरी मागे सरकला, बस. 'कॅन'चं 'कुड' तसंच. 'वुड', 'कुड', 'शुड', 'माइट' आधीच मागच्या पायरीवर असतात, ते हलत नाहीत. आणि मुख्य क्रियापद 'सेज' असेल तर कोणीच हलायचं कारण नाही.

अर्धविराम: मग पाणी 0 अंशाला गोठतं हे कोणी काल सांगितलं तर 'फ्रोझ' म्हणायचं? आज गोठायचं थांबलं का?

पाटीपेन्सिल: 'शी सेड दॅट वॉटर फ्रीझेस' बिनधास्त लिहा. 'फ्रोझ' लिहिलंत तरी व्याकरणाने चूक नाही. जी गोष्ट अजून खरी आहे तिच्यासाठी 'सेड'नंतर वर्तमानकाळ चालतो. 'ही सेड ही इज इल' म्हटलं तर तो अजून आजारीच आहे असं तुम्हीही धरून चालता. 'वॉज' म्हटलं की जबाबदारी त्याची. पण 'आय थॉट' आणि 'आय डिडन्ट नो' यांच्यापुढे ही सवलत जवळपास मिळत नाही, तिथे 'वेअर'च. मैत्रिणीने टोकलं ते म्हणूनच.

खोडरबर: थोडं अवांतर. आपला 'की' फारसीतून आलेला, आणि इंग्रजीचा 'दॅट' मुळात 'ते' दाखवणारा शब्द. रशियनमध्येही आपल्यासारखंच 'तो म्हणाला की आजारी आहे' असा वर्तमानकाळ राहतो, त्यामुळे हा गोंधळ एकट्या मराठी माणसाचा नाही.

कामाचं सांगायचं तर दोन खड्डे अजून आहेत. 'टोल्ड'ला लगेच माणूस लागतो: 'टोल्ड मी दॅट'. 'सेड'ला तो थेट लावायचा नाही. दुसरा खड्डा सूचना आणि आग्रहाचा. 'ही इन्सिस्टेड दॅट शी वॉज प्रेझेंट' म्हणजे ती हजर होती असं त्याने ठासून सांगितलं. 'दॅट शी बी प्रेझेंट' म्हणजे तिने हजर राहावं असा हट्ट धरला. एका क्रियापदाने साक्षीचा हुकूम होतो. 'सजेस्टेड' आलं की म्हणूनच 'दॅट शी लीव्ह अर्ली', तिथे 'लेफ्ट'ही नाही आणि 'लीव्ह्ज'ही नाही. ब्रिटिश वळणाचं लिहिणारे 'शुड लीव्ह' घालतात.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. 'आपण'ची युक्ती डोक्यात बसली. कालचंच एक वाक्य करून बघते, तपासा. सहकारी काल मला म्हणाली, "मी उद्या येऊ शकत नाही." माझं वाक्य: 'यस्टरडे शी टोल्ड दॅट शी कुडन्ट कम टुमारो.'

पाटीपेन्सिल: 'शी' बरोबर, 'कुडन्ट' बरोबर. 'टोल्ड'नंतरचा 'मी' राहिला.

खोडरबर: आणि 'टुमारो'ही अजून तिच्याच तोंडचा आहे. तिचा कालचा 'उद्या' म्हणजे तुमचा आज. 'टुडे' करा, आणि ती आज का दिसत नाही म्हणून कोणी विचारायच्या आत पाठवा.