मदत हवी आहे: फ्रोझनची राइड ॲपमध्ये सापडतच नाहीये!!

ठाणेकर_आई
परवा जायचंय, लवकर सांगा प्लीज. लेकीनं वर्षभर फ्रोझन फ्रोझन करून डोकं खाल्लंय, विमानातसुद्धा तोच निळा फ्रॉक घालून बसली होती. आता हॉटेलवर ॲप उघडलं तर राइड यादीतच नाही. मध्ये बातमी वाचली होती की काहीतरी मोठं बंद झालंय. हेच का ते? तिकिटं काढून झालीत.

उंडगा_पक्षी
कुठे? फ्रोझन हाँगकाँगलाही आहे.

ठाणेकर_आई
अहो जपान! टोकियो! डिस्नी!

बोरकाका
बंद झालं ते स्पेस माउंटन. ३१ जुलै २०२४ शेवटचा दिवस. १९८३ मध्ये पार्क उघडलं तेव्हापासूनची राइड. पाडून नवी बांधताहेत, २०२७ मध्ये येणार. ९४ साली ऑफिसच्या कामानं गेलो होतो तेव्हा लागोपाठ दोनदा बसलो, चष्मा खिशात ठेवून. नव्याला ती सर येणार नाही.

शेवटची_लोकल
काका, त्यांनी फ्रोझन विचारलंय.
ताई, सोप्पंय. आम्ही २०२४ च्या दिवाळीत गेलो होतो. फ्रोझन, रॅपुन्झेल, पीटर पॅन हा सगळा नवा भाग, फँटसी स्प्रिंग्ज. पासाशिवाय त्या भागात पाऊलही ठेवू देत नाहीत. गेटातून आत शिरलात की चालता चालताच ॲपवर प्रीमियर ॲक्सेस, म्हणजे रांग टाळायचा विकतचा पास, घ्या. पैसे जातात, पण दुसरा इलाज नाही.

निशीकासाई_वहिनी
हे जुनं झालं. १ एप्रिल २०२५ पासून त्या भागात कुणीही जाऊ शकतं, साध्या रांगेतूनही बसता येतं. लोकांना उगाच खर्चात पाडू नका.

शेवटची_लोकल
चार-पाच वर्षांच्या पोरीला घेऊन रांगेत ताटकळून बघा मग.

निशीकासाई_वहिनी
बघितलंय. इथे टोकियोतल्या कासाईहून सरळ बस आहे, वर्षातून तीनदा पाहुणे घेऊन जाते. रांगेत खेळवायला नवरा असतो.
ठाणेकर_आई, प्रीमियर ॲक्सेस पार्कात शिरल्यावरच घेता येतो, तो आज दिसणार नाही. पण राइडचं नाव दिसायलाच हवं. तिकीट लँडचं आहे की सीचं?

मेथीचा_थेपला
शाकाहारी आहात का? सुपात, सॉसमध्ये डाशी म्हणजे माशाचा अर्क असतो, विचारल्याशिवाय काही खाऊ नका. आम्ही तीस थेपले नेले होते.

उंडगा_पक्षी
डबा आत चालत नाही. गेटबाहेर पिकनिकसाठी जागा आहे, तिथे बसून खायचं.

मेथीचा_थेपला
आम्हाला कुणी अडवलं नाही.

उंडगा_पक्षी
म्हणून नियम नाही असं होत नाही.

ठाणेकर_आई
थेपले राहू द्या हो! तिकिटावर टोकियो डिस्नीलँड लिहिलंय. एकच ना ते?

निशीकासाई_वहिनी
नाही हो, इथेच घोळ झालाय. लँड आणि सी ही दोन वेगळी पार्कं, शेजारी शेजारी. सी २००१ चं. एक दिवसाच्या तिकिटावर एकाच पार्कात जाता येतं आणि फ्रोझन सीमध्ये आहे. ॲपमध्ये पार्क बदलून सी निवडा, लगेच दिसेल.
तिकीट त्यांच्या साइटवरून काढलं असेल तर जागा शिल्लक असल्यास पार्क आणि तारीख बदलता येते. एजंटकडून असेल तर त्यालाच फोन लावा, तिकडे आत्ता साडेपाचच वाजलेत.

ठाणेकर_आई
दिसलं!!! एजंटचंच आहे तिकीट. लावते.

शेवटची_लोकल
अहो, हे आधी सांगितलं असतंत तर.

ठाणेकर_आई
एजंट आधी म्हणाला, मॅडम, डिस्नी म्हणजे डिस्नी. मग आमच्या ह्यांनी फोन घेतला. तासाभरानं सीची तिकिटं आली, पण परवाऐवजी शुक्रवारची. हरकत नाही, क्योटोचा एक दिवस गेला. लेक ९८ सेंमी आहे, बसू देतील ना?

निशीकासाई_वहिनी
फ्रोझन बोटीतली राइड आहे, उंचीची अट नाही. पीटर पॅनला मात्र १०२ लागते, तिला ते आधीच सांगून ठेवा. गेटावर कळलं तर तिथेच भोकाड पसरेल.

उंडगा_पक्षी
क्योटो कापलंत? फ्रोझनसाठी?

ठाणेकर_आई
तुम्हाला मुलं नाहीत वाटतं.

बोरकाका
नव्या स्पेस माउंटनबद्दल पुढे काही बातमी आली का? नातवाला न्यायचं म्हणतोय.